सहा वर्षांच्या मुलासाठी सुताराकडून खुर्ची करून घ्यायची आहे, मापं कशी द्यायची?

बार्शीची आई

नमस्कार. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. जन्मल्यावर तो लगेच रडला नाही, २१ दिवस काचेच्या पेटीत होता. त्याला सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसतो) आहे, चारही हातपाय ताठ. कागदावर 'स्पास्टिक क्वाड्रिप्लेजिया, जीएमएफसीएस ५' असं लिहिलंय. मान थोडा वेळ धरतो, मग ती उजवीकडे कलते. बोलत नाही, पण सगळं कळतं त्याला. वडिलांच्या गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की हसायला लागतो. वजन साडेतेरा किलो.

एका शिबिरात आम्हाला खुर्ची मिळाली होती. तिच्यात त्याला बसवलं की पाच मिनिटांत तो घसरून पुढे येतो, छातीचा पट्टा गळ्याशी जातो. एकदा स्वयंपाकघरातून धावत आले तेव्हा हनुवटी पट्ट्यात अडकली होती. त्या दिवसापासून खुर्ची माळ्यावर टाकली. आता तो दिवसभर एक तर माझ्या मांडीवर असतो नाही तर गादीवर आडवा. सासूबाई त्याला आडवाच भरवतात, ठसका लागतो. माझी कंबर गेली आहे.

आमच्या गल्लीतले सुतारमामा म्हणाले, मापं द्या, मी चार दिवसांत करून देतो. काल रात्री तो झोपला असताना ह्यांनी शिंप्याच्या टेपने मापं घेतली: कंबरेपासून गुडघ्यापर्यंत ३० सेमी, गुडघ्यापासून टाचेपर्यंत २३, खांद्यांची रुंदी २४. एवढी पुरतील का? पट्टे किती आणि कुठे लावायचे? डोक्याला पट्टा लागेल का? फिजिओ सोलापूरला आहेत, महिन्यातून एकदाच जाणं होतं. घर दोन खोल्यांचं आहे, त्यामुळे खुर्ची फार मोठी नको.

कराडचा सुतार

ताई, आधी सुतारमामांना थांबवा. प्लाय कापू देऊ नका.

मी स्वतः सुतार आहे. कराडजवळ दुकान आहे, तीस वर्षं किचन ट्रॉली, दारं, देव्हारे करतोय. माझ्या मुलीलाही हेच आहे, ती आता १६ वर्षांची आहे. आतापर्यंत तिच्या सात खुर्च्या केल्या. पहिली ती चार वर्षांची असताना सागवानाची केली. २२ दिवस लागले, पाठीवर नक्षी काढली, तीन हात पॉलिश मारलं. तिला बसवलं आणि तिने धनुष्यासारखं अंग ताणलं. मी छातीला पट्टा लावला. ती खाली घसरली. मांड्यांमध्ये ठोकळा ठोकला, तर ठोकळा जांघेत रुतून ती रडायला लागली. मग कपाळाला पट्टा लावला. आज ते आठवलं की पोटात कालवतं. खुर्ची चुकलेली होती आणि मी पोरीला बांधत चाललो होतो.

मिरजेला एक फिजिओताई होत्या. त्यांनी खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. मुलीला एका साध्या बाकावर बसवलं, मांड्यांखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली, दोन्ही हातांनी तिची कंबर खाली आणि मागे दाबून धरली आणि पायांखाली दोन वह्या ठेवल्या. मुलीची मान आपोआप वर आली, कुणी डोक्याला हात लावला नव्हता. तिथे मला कळलं की मी वरून खाली काम करत होतो आणि काम खालून वर करायचं असतं. आधी कंबर, मग मांड्या, मग पाय, मग पाठ. डोकं सगळ्यात शेवटी.

आता तुमच्या मापांकडे येतो. झोपलेल्या मुलाचं, पाय सरळ असताना घेतलेलं माप खुर्चीला चालत नाही. तुमचे ३० सेमी मला खरे वाटत नाहीत. कंबरेच्या हाडापासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत टेप लावला असणार. खुर्चीला लागतं ते बसलेल्या मुलाच्या ढुंगणाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या लवणीपर्यंतचं माप, आणि त्यातूनही दोन बोटं कमी करायची. सीट त्यापेक्षा लांब झाली की तिची कड लवणीत टोचते, पोरगं टोचणी टाळायला कंबर पुढे सरकवतं आणि तिथून घसरण सुरू होते. शिबिराच्या खुर्चीत हेच होत असणार. तिच्या सीटची लांबी मोजून बघा.

माप असं घ्या. लाकडी पाट किंवा पेटी घ्या, गादी नको. तुम्ही मागे बसून त्याची कंबर धरा, ह्यांनी समोरून मापं घ्यावीत. टेप अंगाला गुंडाळायचा नाही, दोन्ही बाजूंना दोन वह्या उभ्या धरायच्या आणि वह्यांमधलं अंतर मोजायचं. कंबरेची रुंदी अशीच, छातीची रुंदी अशीच. बाकी मापं पाटापासून वर घ्या: काखेपर्यंत, खांद्यापर्यंत, डोक्याच्या टोकापर्यंत, आणि कोपर वाकवून अंगाशी धरल्यावर कोपरापर्यंत. लवणीपासून टाचेचं माप घ्याल तेव्हा पायात स्प्लिंट (पाय सरळ धरणारा साचा) किंवा बूट असेल तर तो घालून घ्या. उजवा आणि डावा पाय वेगळे मोजा. माझ्या मुलीच्या दोन मांड्यांत दोन सेमीचा फरक निघाला होता आणि त्याचं कारण खुब्यात होतं.

अजून एक गोष्ट बघा, ही मला फार उशिरा कळली. त्याला असं बसवून एक पाय हळूच पुढे सरळ करायला जा. मांडीच्या मागची शीर ताठ असेल तर पाय जसा सरळ होईल तशी कंबर मागे गोल होईल, पाठीला कुबड येईल. तसं झालं तर पाय ठेवायची फळी पुढे लावायची नाही, गुडघ्याच्या सरळ खाली किंवा थोडी मागेच घ्यायची. तयार खुर्च्यांत ती बहुतेक वेळा पुढे असते. दिसायला छान दिसतं, पण मुलाची कंबर त्यानेच ओढली जाते.

मग पुठ्ठ्याची खुर्ची करा. फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा पुठ्ठा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागितला तर फुकट मिळतो. तीन-चार थर फेविकॉलने चिकटवा, एका थराच्या नळ्या उभ्या तर पुढच्याच्या आडव्या. वर वजन ठेवून दोन दिवस वाळू द्या. त्याच्या वजनाचं मूल त्यावर आरामात बसतं. खाली मात्र लाकडी पाट किंवा जुन्या टेबलाची फळी घ्या. पुठ्ठ्याचा फायदा असा की चुकलं तर ब्लेडने कापता येतं. मुलीच्या दुसऱ्या खुर्चीला मी असंच केलं आणि तीन आठवड्यांत मापं नऊ वेळा बदलली. सागवानात तेवढ्या वेळा बदलणं मला जमलं नसतं, जीवही झाला नसता.

बांधणी सांगतो. सीट सपाट नको. मागचा अर्धा भाग, जिथे बसायची हाडं टेकतात, तो पुढच्यापेक्षा अडीच सेमी खाली ठेवा. म्हणजे हाडांच्या पुढे एक पायरी तयार होते आणि कंबर पुढे घसरायला तिथे अडते. घसरण थांबवायचं मोठं काम ही पायरी करते. तिला मदत म्हणून एकच पट्टा, कंबरेचा. तो पोटावरून नाही, मांडी आणि पोटाच्या घडीतून जायला हवा. टोकं पाठीला ठोकायची नाहीत. सीटच्या बाजूला, मागच्या कडेपासून थोडी पुढे घ्यायची, म्हणजे पट्टा खाली आणि मागे, साधारण ४५ ते ६० अंशांत ओढतो. पाठीला ठोकला की तो आडवा ओढतो आणि पोटावर चढतो. मधला ठोकळा घसरण रोखायला नसतोच, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात ते लांब ठेवायला असतो. म्हणून तो गुडघ्यांच्या मध्ये, सीटच्या पुढच्या टोकाला लावायचा. जांघ आणि ठोकळा यांत चार बोटं मोकळी राहायलाच हवीत. तो काढता-घालता येईल असा करा, नाहीतर मुलाला उचलून ठेवताना तुमच्या कंबरेचे हाल.

फळीची उंची अशी ठेवा की मांडी पूर्ण सीटवर टेकेल आणि टाचही टेकेल. पाय लोंबकळले की तो पंजे ताणतो, आणि पंजे ताणले की अंगभर ताठरपणा येतो. छातीच्या बाजूच्या गाद्या काखेखाली चार बोटं सोडून लावा. काखेत रुतल्या तर हात मुंग्या येऊन बधिर होतो आणि आपली मुलं ते सांगू शकत नाहीत.

तळ रुंद करा, मागे खास करून. पोरगं ताणतं तेव्हा सगळी ताकद पाठीवर येते आणि खुर्ची मागे कलंडते. मी मागचे पाय पाठीच्या १५ सेमी मागे घेतो. घर लहान आहे म्हणालात, तरी इथे जागा वाचवू नका.

लाकडात करायची वेळ येईल तेव्हा अंगाला लागणारे भाग १२ एमएम प्लायचे, तळ १८ एमएमचा. तुमच्याकडचा उन्हाळा बघता रेक्झिनवर थेट बसवू नका, पाठ भाजून निघते. रेक्झिन फोमवर राहू दे, त्यावर सुती खोळ, आणि खोळी दोन शिवा, एक धुण्यात असते. फोम सोफ्याचा लुसलुशीत नको, तो बसतो आणि हाड खालच्या लाकडाला टेकतं. खाली कडक, वर दोन सेमी मऊ. आणि आज सीट २३ सेमीची लागली तर सुतारमामांना २८ ची करू द्या, पाठीची फळी पुढे-मागे सरकेल अशी ठेवा. खाचा पाडून पाकळीचे नट लावले की झालं. पाठीमागे उरलेली सीट कुणाला टोचत नाही. पायाच्या फळीलाही खाचा हव्यात. मुलं वाढतात, आमची पाचवी खुर्ची आठ महिन्यांत लहान झाली.

शेवटी एक विचारतो ताई. त्याला बसवून काय करायचंय? भरवायचं, हे कळलं. पण त्याचा कुठला हात किंवा कुठला अवयव त्याच्या मनाप्रमाणे हलतो? दोन-तीन दिवस नुसतं बघा आणि लिहून ठेवा. माझ्या मुलीचा डावा गुडघा बाहेर जातो, तेवढंच तिच्या ताब्यात आहे. सहाव्या खुर्चीपासून आम्ही डावी बाजू त्या गुडघ्यासाठी मोकळी सोडली. ती आता गुडघ्याने बटण दाबून टीव्ही लावते. बटण माझ्या भाच्याने केलं, त्यातलं मला फार कळत नाही.

फिजिओ, नाशिक

कराडच्या दादांनी इतकं नीट सांगितलंय की मी फक्त जिथे धोका आहे तेवढंच लिहिते.

बार्शीच्या ताई, जीएमएफसीएस म्हणजे सीपीच्या मुलांची हालचाल किती होते त्याची वर्गवारी, तिच्या पाच पातळ्या असतात, कॅनडातल्या तज्ज्ञांनी ती पद्धत १९९७ मध्ये मांडली. पाचवी म्हणजे मान आणि धड सांभाळायलाच आधार लागतो. या मुलांमध्ये खुबा हळूहळू वाटीतून बाहेर सरकण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, आणि सुरुवातीला दुखतही नाही, त्यामुळे घरात कुणाला कळत नाही. शेवटचा खुब्यांचा एक्स-रे कधी काढला? सहा-बारा महिन्यांत काढला नसेल तर खुर्चीच्या आधी तो काढा. मांडीचं माप दोन्ही बाजूंना वेगळं आलं, डायपर बदलताना एक पाय कमी उघडायला लागला, तर वाट बघू नका. खुबा सरकलेला असेल तर मधल्या ठोकळ्याने पाय जोर लावून फाकवणं चुकीचं ठरेल, सीट वेगळी करावी लागेल. तुमच्या सोलापूरच्या फिजिओंना मापं घेतानाचा व्हिडिओ पाठवा. मुंबईला जाणं होणार असेल तर हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत डॉक्टर, थेरपिस्ट आणि स्प्लिंट बनवणारे एकाच आवारात भेटतात.

कपाळाला पट्टा नको. मुलगा खाली घसरला तर मान तिथेच अडकते, तुमच्या हनुवटीच्या प्रसंगात जे झालं त्याच जातीचं. मान उजवीकडे कलते म्हणालात. बऱ्याच मुलांना डोक्याच्या मागे सपाट टेकू लागला की उलट मागे दाबायची ओढ होते, म्हणून आधार मानेच्या वरच्या खोबणीत द्यावा, टाळूमागे नाही. सगळी खुर्ची १० ते १५ अंश मागे कललेली चालेल, पण सीट आणि पाठ यांच्यातला कोन तोच राहिला पाहिजे. नुसती पाठ मागे पाडली की मूल पुन्हा घसरतं.

भरवण्याबद्दल कळकळीने सांगते. आडवं भरवणं आजपासून बंद करा. सासूबाईंना दोष देऊ नका, त्या जीव लावूनच भरवतात, पण घास श्वासनलिकेत उतरतो आणि पुढे वारंवार न्यूमोनिया होतो. खुर्ची होईपर्यंत तुम्ही भिंतीला टेकून बसा, त्याला मांडीवर कंबर वाकवून उभं बसवा, हनुवटी किंचित खाली. चमचा समोरून आणि खालून आणा. वरून आणला की तो बघायला मान मागे टाकतो आणि घशाची वाट उघडी पडते. जेवणानंतर अर्धा तास बसलेलाच राहू द्या. ठसका रोजचाच असेल, जेवताना आवाज घुरघुरत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना ते स्पष्ट सांगा.

फिट येत असतील तर सगळे पट्टे एका दाबात सुटणाऱ्या बकलचे घ्या. आणि पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटंच बसवा. उठवल्यावर चड्डी काढून माकडहाड, बसायची हाडं, गुडघ्याच्या आतली बाजू, घोटे बघा. लाली २०–३० मिनिटांत गेली तर ठीक. राहिली तर तिथली गादी चुकली आहे, त्या दिवशी पुन्हा बसवू नका.

पुठ्ठ्याबद्दल एक. ते काम तात्पुरतंच असतं असं समजू नका. झिंबाब्वेत बेव्हिल पॅकर नावाच्या शिक्षकांनी पुठ्ठा, रद्दी आणि पिठाची खळ एवढ्यावर अपंग मुलांच्या खुर्च्या आणि उभं राहायच्या चौकटी करण्याची पद्धत बसवली आणि ती अनेक देशांत शिकवली गेली. नीट वाळवून वरून व्हार्निश मारलेली खुर्ची बराच काळ टिकते. ओली राहिली तर मात्र बुरशी धरते.

मडगावहून

अंघोळीसाठी आम्ही काय केलं ते सांगते, कारण खुर्ची झाली की पुढचा प्रश्न तोच येतो. प्लास्टिकची हातांची खुर्ची घेतली, मागचे दोन पाय करवतीने पाच सेमी कापले, की ती सगळीच मागे कलते. कापलेल्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले म्हणजे लादीवर सरकत नाही. सीटवर योगाच्या चटईचा तुकडा, कंबरेला रुंद नायलॉन पट्टा. माझी मुलगी १५ किलोची होईपर्यंत चालली. एक हात तिच्यावर कायम ठेवायचा, पाणी अंगावर पडलं की ती दचकते आणि ताणते.

पिंपरीचा इलेक्ट्रॉनिक्सवाला

कराडच्या काकांच्या भाच्याने केलं तसलं बटण मी विशेष शाळेतल्या मुलांसाठी करतो. अवघड नाही.

खेळण्यासाठी: बॅटरीवर चालणारं, एकाच बटणाचं खेळणं घ्या. तांब्याच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा, असं सँडविच बॅटरी आणि तिची स्प्रिंग यांच्यामध्ये सारा. दोन्ही पट्ट्यांना वायर डाखून ती ३.५ मिमीच्या (हेडफोनची पिन जाते तसल्या) सॉकेटला जोडा, मुलाचं बटण त्यात खोचायचं. आता खेळण्याचं स्वतःचं बटण चालूच ठेवायचं. बाहेरचं बटण दाबलं की विजेची वाट पूर्ण होते आणि खेळणं चालतं, सोडलं की थांबतं.

कॉम्प्युटरसाठी: जुना यूएसबी माउस उघडा. डाव्या बटणाखाली एक लहान काळा स्विच असतो. त्याचे कुठले दोन पाय दाबल्यावर जोडले जातात ते मल्टिमीटरने बघा आणि त्या दोन पायांना वायर डाखून तीच ३.५ मिमीची सॉकेट लावा. बाहेरच्या बटणाचा क्लिक म्हणजे माउसचा क्लिक. साध्या ओटीजी जोडणीने (मोबाइलला यूएसबी लावायची छोटी पिन) हे मोबाइललाही चालतं.

बटणाची जागा मात्र मुलाला बसवल्यावरच ठरवा. आमच्या शाळेतल्या एका मुलाचं बटण आम्ही उजव्या हाताशी लावलं होतं. तो ते बघायला मान उजवीकडे वळवायचा आणि मान वळली की उजवा हात आपोआप ताठ व्हायचा, बटणापलीकडे जायचा. महिनाभर आम्हाला वाटलं त्याला जमत नाही. बटण समोर मधोमध घेतलं आणि त्याला पहिल्याच दिवशी जमलं.

बार्शीची आई

पाच आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, करून बघितल्याशिवाय उत्तर द्यायचं नव्हतं.

एक्स-रे काढला. डावा खुबा थोडा सरकलाय, ऑपरेशनची गरज आत्ता नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. फिजिओताई, तुम्ही विचारलं नसतं तर आम्ही काढला नसता. शेवटचा तो दीड वर्षाचा असताना काढला होता.

मापं पुन्हा घेतली, पाटावर बसवून. ढुंगणापासून लवणीपर्यंत उजवीकडे २५, डावीकडे २४ सेमी. शिबिराची खुर्ची माळ्यावरून काढून मोजली, तिची सीट ३३ सेमी आहे. हे ती मोजणारी पट्टी हातात धरून बराच वेळ काहीच बोलले नाहीत. दोन वर्षं आम्ही म्हणत होतो की त्याला बसायचंच नसतं.

फिजिओंनी व्हिडिओ बघून सांगितलं की मांडीमागची शीर ताठ आहे, म्हणून फळी गुडघ्याच्या खालीच घेतली. पुठ्ठे भगवंत मंदिराजवळच्या दुकानातून आणले. सुतारमामांना आधी राग आला, पुठ्ठ्याचं काय काम करायचं म्हणून. मग कराडच्या दादांचं उत्तर त्यांना मोबाइलवर वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि संध्याकाळी स्वतःच गुण्या घेऊन आले. पायरी त्यांनीच कापली. सीट २२ वर बसली, डाव्या खुब्यामुळे आखूड बाजूने धरली. मधला ठोकळा फिजिओंनी पाच सेमीचाच ठेवायला सांगितला, पाय जोराने फाकवायचे नाहीत म्हणून.

पहिल्या दिवशी १२ मिनिटं बसला. घसरला नाही. छातीला पट्टा नव्हता आणि तरी घसरला नाही. आता सकाळी ४० मिनिटं, दुपारी भरवताना अर्धा तास आणि वर तेवढाच वेळ जेवण जिरायला. सासूबाई समोर छोट्या स्टुलावर बसतात, चमचा खालून आणतात. ठसका अजून लागतो, पण रोज नाही. घरी शिकवायला येणाऱ्या विशेष शिक्षिकांनी त्याला पहिल्यांदाच समोरून, डोळ्याला डोळा देऊन बघितलं. इतके दिवस तो माझ्या मांडीवर असायचा ना, त्यांना त्याचं डोकंच दिसायचं.

एक चुकलं. ट्रे कोपराच्या मापापेक्षा चार सेमी वर लावला, वाटलं वस्तू जवळ दिसतील. त्याचे खांदे कानाला लागले आणि हात ट्रेच्या खालीच राहिले. सुतारमामांनी ट्रे खाली घेतला आणि हात वर आले.

दादा, तुम्ही विचारलं होतं की काय हलतं. तीन दिवस लिहून काढलं. डाव्या हाताची मागची बाजू, मनगटापासून, बाहेरच्या दिशेला. तेवढंच, पण ते दर वेळी. काल ट्रेवर रिकामी स्टीलची वाटी राहिली होती. त्याने हाताच्या पाठीने ती ढकलत कडेपर्यंत नेली आणि खाली पाडली. आवाज झाला तसा दचकला, मग हसला. सासूबाईंनी उचलून पुन्हा ठेवली. त्याने पुन्हा पाडली. मी मोजलं, अकरा वेळा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी त्या वाकत होत्या.

आता सुतारमामा प्लायची करायला बसणार आहेत. ट्रेला कडेने पट्टी लावू का, वस्तू पडू नयेत म्हणून? आणि तळाला चाकं लावावीत का?

कराडचा सुतार

चाकं चार लावा, पुढच्या दोन्हींना ब्रेक असलेली, म्हणजे त्याला दारात नेता येईल. ब्रेक लावल्याशिवाय त्याला बसवायचं-उठवायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. प्लायच्या कडा गोल रंधून घ्या आणि लाळ मुरू नये म्हणून ट्रेला सनमायका मारा, पांढरा नको, गडद, म्हणजे वाटी त्याला नीट दिसेल.

पट्टी उजवीकडे आणि समोर लावा. डावी कड मोकळी सोडा. वाटी स्टीलचीच राहू दे, आणि खाली मोठी परात ठेवा, आवाज अजून मोठा येईल आणि आजींना एवढं वाकावं लागणार नाही. महिनाभर त्याला पाडू दे. मग तिथेच, डाव्या कडेला, पिंपरीच्या भाऊंकडून बटण लावून घ्या.

डावा खुबा सरकलाय म्हणालात, त्यामुळे डावीकडे झुकावं लागेल एवढं बटण लांब नको. हात जिथपर्यंत आत्ता जातो त्याच्या दोन बोटं अलीकडे.